कोठडीतील छळ आणि बहुमताचा कौल

प्रति,
ॲड. उज्ज्वल निकम,
राष्ट्रपतिनियुक्त सदस्य, राज्यसभा

विषय : दहशतवादाच्या गुन्ह्यातील संशयितांचा कोठडीत होणारा छळ, त्याला असलेली लोकमान्यता आणि रखडलेला छळप्रतिबंधक कायदा

सन्माननीय महोदय,

बॉम्बस्फोटाच्या संशयावरून पकडलेल्या माणसाला पोलिसांनी मारून बोलते केले तर त्यात वावगे काय, असे विचारणारा वर्ग आपल्या समाजात मोठा आहे आणि तो केवळ अडाणी किंवा क्रूर माणसांचा आहे असे मानणे ही सोयीची पण खोटी समजूत आहे. या वर्गात शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, आणि ज्यांच्या घरातले माणूस स्फोटात गेले असेही लोक आहेत. प्रस्तुत पत्र या लोकमताविषयी आहे. ते आपल्या नावे लिहिण्याचे कारण असे की दहशतवादाच्या खटल्यांत सरकारी पक्षाची बाजू आपल्याइतकी दीर्घकाळ मांडणारा दुसरा मराठी वकील नाही, जुलै २०२५ पासून कायदे करणाऱ्या सभागृहात आपले आसन आहे, आणि लोकमत कसे घडते, प्रसंगी कसे घडवले जाते, याची जाण आपण स्वतः जाहीरपणे दाखवलेली आहे.

छळ या शब्दाचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी करारातला आहे. माहिती किंवा कबुली मिळवण्यासाठी, शिक्षा म्हणून किंवा धाक घालण्यासाठी, सरकारी अधिकाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने, एखाद्याला जाणूनबुजून दिलेली तीव्र शारीरिक वा मानसिक यातना म्हणजे छळ. आपल्याकडे त्याला ‘थर्ड डिग्री’ म्हणतात, आणि ‘पोलिसी पाहुणचार’ हा थट्टेचा शब्द इतका रुळला आहे की वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही तो कोणाला खटकत नाही.

मलकपेठेतून हे पत्र लिहिले जात असल्यामुळे या भागाच्या भयाची नोंद आधी करणे न्याय्य होईल. २१ फेब्रुवारी २०१३ च्या संध्याकाळी येथून जवळच असलेल्या दिलसुखनगरच्या गजबजलेल्या रस्त्यावर, बसथांब्यापाशी आणि एका मिरचीभज्यांच्या दुकानाजवळ, दोन स्फोट झाले आणि १८ माणसे मेली. त्याआधी २५ ऑगस्ट २००७ रोजी लुंबिनी पार्क आणि कोटी येथील गोकुळ चाट या दोन ठिकाणी ४० हून अधिक माणसे मारली गेली, आणि लुंबिनी पार्कमधल्या मृतांत संगमनेरच्या अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालयातून सहलीला आलेले विद्यार्थीही होते. गोकुळ चाट हे विवेकवर्धिनीच्या शाळा-महाविद्यालयांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणजे हैदराबादेतल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या ज्या रस्त्याने गेल्या त्याच रस्त्यावर तो स्फोट झाला. अशा शहरातला माणूस संशयिताच्या हक्कांची भाषा ऐकून कपाळाला आठ्या घालतो, तेव्हा त्या आठ्यांमागे जखम आहे हे विसरून चालत नाही. मानवी हक्कांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी ही जखम पुष्कळदा पुरेशी ओळखलेली नाही, आणि त्यांचे म्हणणे लोकांच्या गळी न उतरण्याचे ते एक कारण आहे.

आता आकडे. २००८ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झालेल्या, १९ देशांत घेतलेल्या एका आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात भारतातील ५९ टक्के उत्तरदात्यांनी असे मत दिले की निरपराध लोकांचे प्राण वाचवण्यासाठी दहशतवाद्यांच्या बाबतीत छळबंदीला अपवाद असावा; बहुतेक देशांतला कौल याच्या उलट, म्हणजे संपूर्ण बंदीच्या बाजूने होता. २०१४ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २१ देशांत घेतलेल्या सर्वेक्षणात, जनतेचे रक्षण करणारी माहिती मिळत असेल तर छळ कधीकधी आवश्यक आणि स्वीकारार्ह ठरतो, या विधानाशी सहमत असणाऱ्यांचे प्रमाण भारतात ७४ टक्के निघाले. चीनमध्येही ते तेवढेच होते.

या आकड्यांनी खचून जाण्याआधी प्रश्नाची मांडणी पाहिली पाहिजे. सर्वेक्षक विचारतो ते दहशतवाद्याविषयी. समोरचा माणूस दोषी आहे, त्याच्यापाशी माहिती आहे, ती खरी आहे आणि ती वेळेत हाती लागली तर प्राण वाचणार आहेत, या चारही गोष्टी प्रश्नातच गृहीत धरलेल्या असतात. एवढे सगळे हातात ठेवून विचारल्यावर ५९ टक्के हो म्हणाले याचे नवल नाही. ४१ टक्के तसे म्हणाले नाहीत याचेच थोडे नवल वाटावे. पोलिस ठाण्याच्या मागच्या खोलीत मात्र या चारांपैकी एकही गोष्ट ठाऊक नसते. तेथे असतो तो संशयित, म्हणजे ज्याच्याविषयी तपास अधिकाऱ्याचा अंदाज आहे असा माणूस, आणि लोकांना मान्य असलेला छळ व प्रत्यक्षात होणारा छळ यांच्यात हे अंतर कायम राहते.

या शहराने ते अंतर २००७ साली पाहिले. १८ मे २००७ रोजी शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी मक्का मशिदीत स्फोट होऊन ९ जण ठार झाले आणि त्यानंतर उसळलेल्या जमावावर झालेल्या पोलिस गोळीबारात आणखी ५ जण गेले. पुढच्या काही महिन्यांत, विशेषतः ऑगस्टच्या जोडस्फोटांनंतर, मुस्लिम तरुणांना मोठ्या संख्येने उचलण्यात आले. अटकेची नोंद न करता दिवसेंदिवस अज्ञात जागी डांबणे, मारहाण करणे, विजेचे झटके देणे असे आरोप त्यांनी केले. राज्य अल्पसंख्याक आयोगाने ॲड. एल. रविचंदर यांना चौकशीसाठी नेमले. त्यांनी तुरुंगात जाऊन कैद्यांची भेट घेतली आणि त्यांच्या अंगावरच्या खुणा या आरोपांना दुजोरा देणाऱ्या असल्याचे अहवालात नोंदवले. पुढे मशिदीच्या स्फोटाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे आणि त्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला, तेव्हा आरोपपत्रात जी नावे आली ती हिंदुत्ववादी वर्तुळातील व्यक्तींची होती, आणि १६ एप्रिल २०१८ रोजी विशेष न्यायालयाने त्यांचीही पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. ज्यांना झोडपले ते सुटले, ज्यांच्यावर नंतर आरोप ठेवले तेही सुटले, आणि मशिदीच्या आवारातल्या त्या ९ मृत्यूंसाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

या प्रकरणाचा एक कागदी भाग मुद्दाम जवळून पाहण्याजोगा आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या शिफारशीनंतर आंध्र प्रदेश सरकारने ७० तरुणांना भरपाई जाहीर केली. अटक होऊन सुटलेल्या २० जणांना प्रत्येकी ३ लाख रुपये आणि नुसते ताब्यात घेऊन सोडलेल्या ५० जणांना प्रत्येकी २० हजार, असा तो ७० लाखांचा हिशेब होता. धनादेशाबरोबर त्यांना एक दाखलाही मिळाला, त्यांचा स्फोटाशी संबंध नसल्याचा. शाळा सोडल्याचा, जातीचा, उत्पन्नाचा असे दाखले आपल्या देशात माणूस जन्मभर गोळा करतो. बॉम्ब न ठेवल्याचा दाखला सरकारी कचेरीतून देण्याची ही वेळ बहुधा पहिलीच असावी. तोही फार टिकला नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश रद्द ठरवला. मारहाण केल्याबद्दल कोण्या अधिकाऱ्याला शिक्षा व्हावी, हा विषय या साऱ्या पत्रव्यवहारात कडेलाच राहिला.

मारून मिळवलेली कबुली खोटी का निघते, याचे उत्तर नीतिशास्त्रात शोधण्याआधी तपासाच्या यंत्रणेत शोधावे लागते. चौकशी करणाऱ्यापाशी गुन्ह्याविषयी एक कल्पना तयार असते आणि त्याचे प्रश्न त्या कल्पनेतूनच येतात. मार खाणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांत एवढे कळते की कोणत्या उत्तरानंतर पट्टा थांबतो. तो ते उत्तर देतो. अधिकाऱ्याला वाटते, आपली कल्पना खरी निघाली. मग त्या उत्तरात आलेल्या नावाच्या माणसाला आणले जाते आणि तोही तेच सांगतो. तीन-चार कबुल्या एकमेकींशी जुळल्या की प्रकरण भक्कम वाटू लागते, वस्तुतः ती एकाच तोंडातली गोष्ट असते आणि ते तोंड कोठडीबाहेरच्या माणसाचे असते. सगळ्यात मोठी हानी याच्या पुढची आहे. कल्पना पक्की झाली की दुसऱ्या दिशेचा शोध थांबतो, खरा गुन्हेगार तोवर दूर जातो, आणि साक्षीदारांच्या आठवणी व घटनास्थळावरचे धागेदोरे विरून जातात.

ब्रिटिश राज्यकर्त्यांनाही हे ठाऊक होते आणि ते त्यांना कोणा उदारमतवादी पुस्तकातून कळलेले नव्हते. मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ साली आला. त्यानंतरच्या काळात, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, हा नियम आधी १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्यात आला. हा दुसरा कायदा रचणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी नंतर एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याचे मत नोंदवून ठेवले, त्याचा मथितार्थ असा की पोलिस छळ करतात ते मुख्यतः दुष्टपणाने नव्हे तर आळसाने, कारण उन्हातान्हात पुरावा हुडकण्यापेक्षा ते सोपे असते. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तोच नियम कायम आहे. त्याला जोडलेला अपवाद असा की कबुलीतल्या ज्या भागामुळे एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडते तेवढा भाग ग्राह्य धरला जातो, आणि वस्तू ‘काढून देण्याचे’ पंचनामे आपल्याकडे का इतके विपुल असतात हे आपल्यासारख्या ज्येष्ठ फौजदारी वकिलाला सांगण्याची आवश्यकता नाही.

महाराष्ट्राने मात्र १९९९ मध्ये या नियमाला मोठे भगदाड पाडले. संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, म्हणजे मकोकाच्या, कलम १८ नुसार पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरतो. दहशतवादाच्या गुन्ह्यांसाठी देशभर लागू असलेल्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात अशी तरतूद नाही. त्यामुळे जो कबुलीजबाब मलकपेठेच्या पोलिस ठाण्यात लिहिला तर न्यायालयात वाचताही येत नाही, तोच मुंबईत योग्य दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे लिहिला तर त्यावर फाशी होऊ शकते.

हे अतिशयोक्त वाटू नये. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर पहिल्या वर्गाच्या सात डब्यांत स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मेले. त्या खटल्यात मकोकाखालचे कबुलीजबाब हा पुराव्याचा एक प्रमुख आधार होता. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवून त्यांपैकी ५ जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांतले मजकुराचे साम्य आणि वैद्यकीय कागदांवरून दिसणारा छळ यांची दखल घेऊन खंडपीठाने त्या कबुल्या ग्राह्य धरल्या नाहीत. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही, आणि अंतिम शब्द त्याच न्यायालयाचा असेल. पण अंतिम शब्द कोणताही असो, १९ वर्षांनंतर लोकलमध्ये गेलेल्यांच्या आईवडिलांच्या हाती काय पडले, हा प्रश्न छळाच्या समर्थकांनीच स्वतःला विचारायचा आहे. ज्या मारझोडीचे समर्थन मृतांच्या नावाने केले जाते, तिने मृतांचाच खटला पोखरला.

येथे परभणीचे एक प्रकरण आठवते, आणि परभणी १९४८ पर्यंत याच हैदराबाद संस्थानात होती. तेथला ख्वाजा युनूस हा तरुण अभियंता डिसेंबर २००२ मधील घाटकोपरच्या बसस्फोटाच्या प्रकरणात पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी जाहीर केले की त्याला घेऊन जाणारी जीप पारनेर तालुक्यात दरीत कोसळली आणि तो पळून गेला. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात पलायनाची कथा रचलेली असल्याचे आणि तो कोठडीतच मेल्याचे निष्पन्न झाले. सहआरोपींनी न्यायालयात त्याला झालेली मारहाण सांगितली. घाटकोपरच्या त्या खटल्यातले आरोपी २००५ मध्ये सुटले. ज्या चार पोलिसांवर त्याच्या मृत्यूचा खटला भरला गेला त्यांच्यापैकी सचिन वाझे यांना २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेण्यात आले. युनूसच्या आईने न्यायालयांचे उंबरठे झिजवले, पण प्रेत तिला कधीच मिळाले नाही.

छळाला पाठिंबा देणारे लोकमत तत्त्वावर उभे असते तर ते सर्व आरोपींना सारखेच लागू झाले असते. मालेगावने त्याची परीक्षा दोनदा घेतली. ८ सप्टेंबर २००६ रोजी शब-ए-बारातच्या दिवशी तेथील बडा कब्रस्तानात स्फोट झाले, तेव्हा महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने ९ मुस्लिम पुरुषांना पकडले, कबुल्याही घेतल्या. २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, म्हणजे खटला चालवण्याइतकाही पुरावा त्यांच्याविरुद्ध नसल्याचे मानले. २९ सप्टेंबर २००८ रोजी त्याच शहरात पुन्हा स्फोट झाला आणि त्या प्रकरणात साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित प्रभृतींना अटक झाली. त्या दोघांनीही कोठडीत छळ झाल्याचे आरोप केले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सर्व ७ आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. त्या आरोपांच्या सत्यासत्यतेत येथे शिरायचे नाही. पाहण्यासारखी गोष्ट जनतेची आहे. पहिल्या प्रकरणात पोलिसी खाक्याचे कौतुक करणाऱ्या पुष्कळांना दुसऱ्या प्रकरणात पोलिसांचा अत्याचार स्पष्ट दिसला, आणि पहिल्या प्रकरणात मानवी हक्कांचा कैवार घेणाऱ्या काहींना दुसऱ्या वेळी त्या तक्रारी म्हणजे बनाव वाटल्या. आरोपीचे नाव आधी वाचायचे आणि मत मागाहून ठरवायचे, अशी ही पद्धत आहे. अंदमानातल्या कोलूच्या आणि दंडाबेडीच्या आठवणीने आजही ज्या मराठी वाचकाचा कंठ दाटून येतो, त्याला छळ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तत्कालीन सरकारच्या लेखी ते कैदीही राज्य उलथणारे कटवालेच होते, एवढेच त्याच्या ध्यानात आणून द्यावे लागते.

याला दिले जाणारे नेहमीचे उत्तर म्हणजे टिकटिकणाऱ्या बॉम्बचे: बॉम्ब कोठे आहे हे एकालाच ठाऊक आहे, तासाभरात तो फुटणार आहे, अशा वेळी काय करायचे? हे उदाहरण वर्गात चर्चेला चांगले आहे. वर उल्लेखिलेल्या सर्व प्रकरणांत मात्र मारहाण झाल्याचे सांगितले जाते ती स्फोट होऊन गेल्यावर, आठवडे आणि महिने लोटल्यावर. कडक कायद्यात पोलिस कोठडीची मुदत ३० दिवसांपर्यंत नेता येते. तासाभराच्या निकडीला ३० दिवस लागत नाहीत. अमेरिकेचा अनुभवही हेच सांगतो. इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याला इजिप्तच्या ताब्यात देऊन मिळवलेली, इराक आणि अल कायदा यांच्यातील संबंधांविषयीची माहिती फेब्रुवारी २००३ मध्ये कॉलिन पॉवेल यांच्या संयुक्त राष्ट्रांतील भाषणात वापरली गेली. त्याने ती पुढे मागे घेतली. तोवर युद्ध सुरू होऊन गेले होते.

या ठिकाणी विषय आपल्यापर्यंत येतो. अजमल कसाबचा खटला हे आपल्या कारकिर्दीतील सर्वांत प्रसिद्ध काम. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलून त्याला जिवंत पकडू दिले म्हणून तो खटला उभा राहिला, आणि तो पेलला तो छत्रपती शिवाजी टर्मिनसवरची छायाचित्रे, कॅमेऱ्यांतील चित्रण, जखमी साक्षीदार आणि न्यायवैद्यक पुरावा यांनी. कसाबने जुलै २००९ मध्ये भर न्यायालयात कबुली दिली तरी न्या. एम. एल. ताहिलियानी यांनी तेवढ्यावर न थांबता खटला पुढे चालवला. त्याच खटल्यात मदतीचा आरोप असलेले दोन भारतीय पुराव्याअभावी सुटले. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली तेव्हा निकालाकडे जगात कोणी बोट दाखवू शकले नाही. आणि तरीही जनतेच्या स्मरणात या खटल्यातून सर्वांत ठळक काय उरले असेल तर ती बिर्याणी. कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली, हे विधान आपले होते. मार्च २०१५ मध्ये जयपूर येथे आपणच सांगितले की तशी मागणी कधी झालीच नव्हती, राखीपौर्णिमेच्या दिवशी कसाबच्या डोळ्यांत पाणी आल्याच्या बातम्यांनी त्याच्याविषयी सहानुभूती तयार होऊ लागली होती आणि ती लाट मोडण्यासाठी ते रचले गेले. ही कबुली आपण होऊन दिली, कोणी मारून घेतली नाही, आणि तिचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. पण तोवर त्या बिर्याणीने आपले काम केले होते. आरोपीला रीतसर खटला देणे म्हणजे त्याचे लाड करणे, ही समजूत तिने देशभर पोचवली, आणि ज्या खटल्याने नेमके उलटे सिद्ध केले होते त्याच खटल्याचा हवाला देऊन लोक आज ‘इतकी वर्षे पोसण्यापेक्षा’ अशा शब्दांत बोलतात.

लोकमताच्या टाळ्या पोलिसांच्याही उपयोगी पडत नाहीत, हे या शहराने पाहिले आहे. तरुण पशुवैद्य स्त्रीवरील बलात्कार आणि खून प्रकरणातले चार आरोपी ६ डिसेंबर २०१९ रोजी चटनपल्लीजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा हैदराबादकरांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. वि. स. सिरपूरकर आयोगाचा अहवाल मे २०२२ मध्ये उघड झाला. मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन असल्याचा निष्कर्ष त्यात होता, आणि १० पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस होती. पाकळ्या उधळणाऱ्यांपैकी कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांच्या शेजारी उभे राहणार नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांच्या २०२५ च्या अहवालासाठी १७ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ८,२७६ पोलिसांशी बोलणे झाले. त्यांत २२ टक्के असे निघाले की धोकादायक गुन्हेगाराला खटला देण्यापेक्षा ठार मारणे बरे असे त्यांना वाटते. समाजाचे मत खाकी कपड्यांत दिसते ते असे.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्याचे उदाहरण आपण याला उत्तर म्हणून द्याल हे उघड आहे. टाडा या त्या वेळच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली पोलिसांपुढे दिलेल्या कबुल्या तेथे पुराव्याचा कणा होत्या, १०० जण दोषी ठरले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुतांश निकाल उचलून धरला. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु त्या खटल्यात आरडीएक्सचे साठे, शस्त्रे, गाड्या आणि उतरवणुकीचे साक्षीदारही होते, आणि जेथे असा भक्कम पुरावा असतो तेथे पोलिसी कबुलीवाचून खटला कोसळेल असे मानणे म्हणजे सरकारी वकिलांच्या कौशल्यावर अविश्वास दाखवणे होय. दिलसुखनगरच्या खटल्यात तर मकोकासारखी सवलत नव्हती. तपास यंत्रणेला दीडशेच्या वर साक्षीदार उभे करावे लागले, आणि त्या खटल्यातली पाच जणांची फाशी ८ एप्रिल २०२५ रोजी तेलंगण उच्च न्यायालयाने कायम केली.

भारताने छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. त्याला संसदीय पाठबळ देऊन अनुमोदन देणे, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेणे, अजून बाकी आहे. डी. के. बसू प्रकरणातील १९९६ च्या निकालाने कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी आणि अटकेची नातेवाइकांना खबर बंधनकारक केली, २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने पोलिस ठाण्यांत चौकशीच्या खोल्यांसह सर्वत्र कॅमेरे बसवण्यास सांगितले. पण तपासणीच्या कागदावर ‘बाह्य जखम नाही’ एवढे तीन शब्द लिहून मोकळे होणाऱ्या डॉक्टरला आणि नेमक्या त्या दिवशी बंद पडणाऱ्या कॅमेऱ्याला जबाबदार धरणारा स्वतंत्र कायदा नाही. कबुलीसाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्याचा तपास बहुधा त्याच खात्यातले अधिकारी करतात.

अशा कायद्याचा मसुदा नव्याने लिहिण्याची गरज नाही. लोकसभेने ६ मे २०१० रोजी छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केले होते. त्यात तक्रारीला सहा महिन्यांची मुदत घालून ते पुरते मऊ केलेले होते. राज्यसभेच्या प्रवर समितीने, म्हणजे विधेयक कलमवार तपासण्यासाठी नेमलेल्या सदस्यांच्या समितीने, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यात दुरुस्त्या सुचवल्या, आणि पुढे ते विधेयक विरून गेले. विधी आयोगाने ऑक्टोबर २०१७ च्या २७३ व्या अहवालाला स्वतःचा मसुदा जोडला आहे. आपल्यापुढची विनंती दोन गोष्टींची आहे. विधी आयोगाचा तो मसुदा खासगी विधेयक म्हणून आपण मांडावा, आणि मकोकाचे कलम १८ वगळण्याविषयी महाराष्ट्र सरकारला आपले लेखी मत कळवावे. खासगी विधेयके क्वचितच संमत होतात हे खरे. पण ते मांडताना करावे लागणारे भाषण सभागृहाच्या कामकाजात छापले जाते, आणि कसाबला फासापर्यंत नेणाऱ्या वकिलाने संशयिताला मारू नये असे म्हटले, तर ते ऐकून घेणारे श्रोते मलकपेठेत आणि मालेगावात इतर कोणाही वक्त्यापेक्षा जास्त मिळतील. राज्यसभेत अशा कामासाठी अधिवेशनाच्या काळात शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास राखून ठेवलेले असतात.

कळावे,

मलकपेठ, हैदराबाद येथील एक मराठी नागरिक